आकाशातले अपवाद

२९ जानेवारी २०२५, वॉशिंग्टन. रात्रीचे पावणेनऊ वाजत आले होते. कॅन्सस राज्यातल्या विचिटाहून निघालेले अमेरिकन ईगलचे जेट रेगन नॅशनल विमानतळावर उतरण्याच्या बेतात होते. ऐन वेळी त्याला ३३ क्रमांकाची आखूड धावपट्टी देऊ केली गेली. वैमानिकांनी ती घेतली आणि वळसा घालून ते पोटोमॅक नदीवर खाली येऊ लागले. त्याच नदीच्या अंगाने लष्कराचे एक ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर दक्षिणेकडे चालले होते. आत तिघे जण होते आणि उड्डाण सरावाचे होते. मनोऱ्यातल्या नियंत्रकाने हेलिकॉप्टरला विचारले, समोरचे जेट दिसतेय का? दिसतेय, असे उत्तर आले. नजरेने अंतर राखून जाण्याची परवानगीही त्यांनी मागून घेतली. जेटच्या मागून जा, ही नियंत्रकाची पुढची सूचना मात्र हेलिकॉप्टरमध्ये पूर्ण ऐकूच गेली नाही, कारण नेमक्या त्याच क्षणी तिथल्या रेडिओचे बटण दाबलेले होते. नदीपासून सुमारे ३०० फुटांवर दोन्ही एकमेकांवर आदळली. जेटमधले ६४ आणि हेलिकॉप्टरमधले ३, असे ६७ जण गेले.

‘दिसतेय का?’ हा विमानवाहतुकीतला सर्वात जुना प्रश्न. आकाशातल्या टकरी टाळण्यासाठी गेल्या सत्तर वर्षांत जे कायदे झाले, त्या सगळ्यांची धडपड एकच आहे: ही जबाबदारी माणसाच्या डोळ्यावरून काढून यंत्रावर आणि नियमावर सोपवायची. ती बऱ्याच अंशी साधलीही. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक कायदा कुणाला तरी बाहेर ठेवून झाला. कधी लष्कराला, कधी मालवाहू विमानांना, कधी छोट्या खासगी विमानांना. कधी ‘तूर्त मुदतवाढ’ म्हणून सगळ्यांनाच. या टकरींचा इतिहास चाळला, तर पुढचा अपघात वारंवार त्या वगळलेल्यांच्या बाजूने आलेला दिसतो.

डोळा इथे का पुरत नाही, हे आधी पाहायला हवे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने समोरासमोर येणारी दोन विमाने दहा सेकंदांत साडेचार किलोमीटरचे अंतर संपवतात. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. आपल्यावर नेमके येऊन आदळणार असलेले विमान काचेवर सरकताना दिसत नाही. ते एकाच जागी ठिपक्यासारखे चिकटून राहते आणि फक्त मोठे होत जाते. तेही शेवटच्या काही सेकंदांत एकदम. हालचाल टिपायला सरावलेली नजर त्या न हलणाऱ्या ठिपक्यावरून खुशाल पुढे जाते. रात्री त्यात शहराचे दिवे मिसळतात.

ही गोष्ट अमेरिकेने पहिल्यांदा मोठी किंमत देऊन शिकली ती ३० जून १९५६ रोजी. त्या सकाळी लॉस एंजेलिसहून तीन मिनिटांच्या अंतराने दोन विमाने सुटली, एक टीडब्ल्यूएचे आणि दुसरे युनायटेडचे. वाटेत टीडब्ल्यूएच्या वैमानिकाने २१ हजार फुटांची उंची मागितली. ती नाकारण्यात आली, कारण त्या उंचीवर युनायटेडचे विमान होते. मग त्याने ढगांच्या वर हजार फूट राहून, स्वतःच्या नजरेवर उडण्याची परवानगी घेतली. ती उंचीही २१ हजारच भरली. दोन्ही विमाने साधारण एकाच वेळी एकाच रेषेवर पोचणार, हे जमिनीवरच्या कागदांवर लिहिलेले होते. पण तो प्रदेश ‘अनियंत्रित’ होता आणि तिथे सावध करणे हे नियंत्रकाचे काम नव्हते. ग्रँड कॅन्यनवर विमाने धडकली आणि १२८ जण गेले.

एवढे होऊनही कायदा लगेच झाला नाही. १९५७ मध्ये हवाई मार्गांच्या आधुनिकीकरणाचा एक कायदा आला, पण आकाशाची मालकी विभागलेलीच राहिली. नागरी विमाने एका खात्याकडे आणि लष्करी विमाने लष्कराकडे. २१ एप्रिल १९५८ रोजी लास व्हेगासजवळ हवाई दलाचे एफ-१०० हे लढाऊ विमान युनायटेडच्या प्रवासी विमानावर आदळले आणि ४९ जण गेले. महिन्याभरात, २० मे रोजी, मेरीलँडवर लष्करी सरावाच्या जेटने आणखी एक प्रवासी विमान पाडले. दुसऱ्याच दिवशी सिनेटर माइक मनरोनी यांनी विधेयक मांडले. सुमारे तीन महिन्यांत, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, अध्यक्ष आयसेनहॉवर यांची त्यावर सही झाली. या कायद्यातून एफएए ही यंत्रणा उभी राहिली आणि नागरी असो वा लष्करी, आकाशाचा कारभार एका हाती देण्याचे तत्त्व मान्य झाले. एफएएचे पहिले प्रमुख झाले एलवूड क्वेसाडा, हवाई दलातले निवृत्त जनरल.

कारभार एका हाती आला, तरी आकाश तेवढ्याने सुरक्षित झाले नाही. १६ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कवर एक डीसी-८ जेट आपली थांबण्याची जागा ओलांडून पुढे गेले आणि दुसऱ्या विमानावर आदळले. जेट ब्रुकलिनच्या भरवस्तीत कोसळले. मृतांचा आकडा १३४ झाला. त्यानंतर दहा हजार फुटांखाली २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची वेगमर्यादा आली. आजही विमान उतरू लागले की ते दहा हजार फुटांआधी हळू होते, ते या नियमामुळे.

पुढचे दोन धडे कॅलिफोर्नियाचे. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन दिएगोवर एका प्रवासी जेटच्या वैमानिकांना पुढचे छोटे सेस्ना विमान आधी दिसले, मग हरवले. ते मागे पडले असावे, असे समजून जेट उतरत राहिले. १४४ जणांचा बळी गेला. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोसवर मेक्सिकोहून आलेले डीसी-९ आणि एक छोटे पायपर विमान धडकले. पायपर विनापरवानगी नियंत्रित हद्दीत शिरले होते आणि त्याचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारच्या हाकेला उत्तर देणारे यंत्र, उंची सांगणारा नव्हता. त्यामुळे नियंत्रकाच्या पडद्यावर पायपर म्हणजे फार तर उंची नसलेला एक ठिपका होता. विमानांतले ६७ आणि खाली घरांतले १५ जण गेले.

टक्कर टाळणारे यंत्र बनवण्याची कल्पना तोवर तीस वर्षांची झाली होती. १९५०च्या दशकात बेंडिक्स कंपनीतल्या डॉ. जे. एस. मॉरेल यांनी एक साधी गोष्ट मांडली होती: दोन विमानांत अंतर किती, यापेक्षा ते अंतर किती सेकंदांत संपणार, हे मोजा. समोरासमोरच्या विमानांना आठ किलोमीटर हे अंतर कमी आहे. एकाच दिशेने जाणाऱ्यांना तेच भरपूर आहे. वैमानिकांच्या रोजच्या बोलण्यातले ‘टीकॅस’ या हिशेबावर चालते. ते दर सेकंदाला आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरला हाक मारते आणि उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते. टकरीची शक्यता दिसली की आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा आवाज येतो. ही नुसती सूचना. धोका टळला नाही तर हुकूम येतो: ‘क्लाइम्ब, क्लाइम्ब’ किंवा ‘डिसेंड, डिसेंड’. दोन्ही विमानांतली यंत्रे आपसात बोलून ठरवतात, की तू वर, मी खाली. या हुकमाला वैमानिक ‘आरए’ म्हणतात.

सेरिटोसनंतर अमेरिकी संसदेने १९८७च्या अखेरीस कायदा करून एफएएचे हात बांधले: ३० पेक्षा जास्त आसनांच्या प्रवासी विमानात टीकॅस बसलेच पाहिजे आणि ते १९९१ संपण्याआधी. पुढे विमान कंपन्यांच्या अडचणी पुढे आल्या आणि ही मुदत १९९३ अखेरपर्यंत लांबवली गेली. मोठ्या विमानतळांभोवतीच्या तीस सागरी मैलांत छोट्या विमानांनाही उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर सक्तीचा झाला. कायदा आसनांच्या हिशेबात लिहिलेला असल्यामुळे मालवाहू विमाने त्यातून सुटली. जंबो जेट तेच, आकाश तेच, पण आत माणसांऐवजी खोकी असली की टीकॅस ऐच्छिक. संसदेने ही फट बुजवली ती २००० साली.

भारताला अशाच फटींची किंमत १२ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळी मोजावी लागली. दिल्लीहून सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ निघाले होते, त्याला १४ हजार फुटांपर्यंत चढायची परवानगी होती. कझाकस्तानच्या चिमकेंतहून आलेले इल्युशिन-७६ खाली येत होते, त्याला १५ हजारांवर थांबायचे होते. दिल्लीभोवतीच्या आकाशाचा मोठा भाग हवाई दलाकडे असल्यामुळे येणाऱ्या आणि जाणाऱ्या नागरी विमानांना एकच चिंचोळा मार्ग होता. एकाच जिन्यावरून चढणारे आणि उतरणारे, मध्ये फक्त हजार फूट. नियंत्रकाच्या रडारवर विमानाची जागा दिसे, उंची दिसत नसे. उंची सांगणारे नवे रडार विकत घेतलेले होते, पण ते सुरू झालेले नव्हते. नियंत्रकाने कझाक विमानाला समोरून सौदी विमान येत असल्याचे सांगितले होते, किती मैलांवर तेही सांगितले होते. तरी ते १५ हजारांच्या खाली घसरले. हरियाणातल्या चरखी दादरीच्या शेतांवर ३४९ जणांचे अवशेष विखुरले. आकाशातल्या टकरीत याहून मोठी जीवितहानी जगात झालेली नाही.

न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने कझाक वैमानिकांना मुख्यतः जबाबदार धरले. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांसाठी वेगळे मार्ग हवेत, हेही नोंदवले. त्यानंतर दिल्लीचे मार्ग वेगळे झाले, नवे रडार लागले आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे ‘डीजीसीए’ने, भारतीय आकाशात येणाऱ्या मोठ्या विमानांना टक्कररोधक यंत्र सक्तीचे केले. धडकलेल्या दोन्ही विमानांत ते नव्हते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची (आयकाओ) जगभरची सक्ती १ जानेवारी २००३ पासून लागू झाली.

त्या सक्तीला सहा महिने उरले असताना यंत्रालाही एक मर्यादा असल्याचे दिसले. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगनवर रशियन तुपोलेव्ह आणि डीएचएलचे मालवाहू बोइंग यांची टक्कर झाली. दोन्हींत टीकॅस होते आणि ते नीट चालत होते. यंत्राने तुपोलेव्हला ‘वर’ सांगितले आणि बोइंगला ‘खाली’. पण झुरिकच्या नियंत्रण कक्षात त्या रात्री एकटा माणूस दोन जागा सांभाळत होता, देखभालीमुळे टेलिफोन आणि धोक्याची सूचना देणारी यंत्रणा अडली होती आणि त्याने तुपोलेव्हला सांगितले, ‘खाली’. वैमानिकाने माणसाचे ऐकले. ७१ जण गेले, त्यांत सुट्टीवर निघालेली शाळकरी मुले बरीच होती. असाच गोंधळ दीड वर्ष आधी जपानमध्ये झाला होता. तिथे शेकडो प्रवासी थोडक्यात वाचले होते आणि चौकशी चालू होती. या टकरीनंतर आयकाओने नियम निःसंदिग्ध केला: आरए आला की नियंत्रक काहीही म्हणो, यंत्राचेच ऐकायचे.

हा नियम मुंबईच्या आकाशात उपयोगी पडला. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी मुंबईहून भोपाळला निघालेले आणि दिल्लीहून पुण्याला येणारे अशी दोन प्रवासी विमाने २७ हजार फुटांच्या आसपास समोरासमोर आली. त्यांच्यातले उभे अंतर शंभरेक फुटांवर आले होते. दोन्हीकडे आरए वाजला, दोन्ही वैमानिकांनी तो पाळला. प्रवासी आपापल्या ठिकाणी उतरले आणि बातमी पुढे तीन-चार दिवसांनी फुटली.

मात्र टीकॅसची एक मर्यादा वॉशिंग्टनच्या त्या रात्री महाग पडली. जमिनीजवळ, सुमारे हजार फुटांच्या खाली, ते ‘वर जा-खाली जा’ सांगणे बंद करते. उतरणाऱ्या विमानाला जमिनीकडे ढकलायचे नसते, म्हणून ते तसेच बनवलेले आहे. जेटच्या वैमानिकांना सुमारे वीस सेकंद आधी नुसते ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ ऐकू आले. काय करा, हे यंत्राने सांगितले नाही. अगदी शेवटच्या क्षणी त्यांनी नाक वर ओढले होते.

ही पोकळी भरणारे तंत्रज्ञान अस्तित्वात आहे. एडीएस-बी या प्रणालीत विमान उपग्रहावरून आपली जागा घेते आणि साधारण दर सेकंदाला सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगत राहते. सांगण्याची बाजू म्हणजे ‘आउट’, इतरांचे ऐकण्याची बाजू म्हणजे ‘इन’. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बहुतेक नियंत्रित आकाशात ‘आउट’ सक्तीचे आहे, ‘इन’ मात्र ऐच्छिक. शिवाय २०१९ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि संवेदनशील कामगिरीवरच्या सरकारी व लष्करी विमानांना ‘आउट’ बंद ठेवण्याची मुभा मिळाली. त्या रात्रीचे ब्लॅक हॉक सरावावर होते आणि त्याचे ‘आउट’ काहीही सांगत नव्हते.

अपघातांची चौकशी करणारे राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळ म्हणजे एनटीएसबी. त्याने मार्च २०२५ मध्ये काढलेले आकडे थरकाप उडवणारे आहेत. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात रेगन विमानतळाजवळ विमान आणि हेलिकॉप्टर आडव्या अंतराने एका सागरी मैलाच्या आणि उभ्या अंतराने ४०० फुटांच्या आत आल्याचे १५,२१४ प्रसंग नोंदले गेले होते. नदीवरच्या हेलिकॉप्टर मार्गाची कमाल उंची २०० फूट होती. मार्ग ३३ क्रमांकाच्या धावपट्टीकडे येणाऱ्या विमानांच्या वाटेखालून जात होता आणि काही ठिकाणी दोहोंत जेमतेम ७५ फूट उरत. त्या रात्री हेलिकॉप्टर मर्यादेच्या वर होते. पण ते २०० फुटांवर असते, तरी अंतर मोजायला इमारतीचे मजले पुरले असते. नोंदी एफएएच्याच यंत्रणांत साठत होत्या. जानेवारी २०२६ मध्ये मंडळाने निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा बोट प्रथम ठेवले ते तिथे मार्ग आखण्यावर, त्याचा वेळोवेळी आढावा न घेण्यावर आणि नजरेच्या भरवशावर. दोन्हीकडे ‘इन’ असते तर जेटला ५९ आणि हेलिकॉप्टरला ४८ सेकंद आधी इशारा मिळाला असता, हा हिशेबही मंडळाने मांडला.

यावर कायदा करण्याची धडपड जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. सिनेटर टेड क्रूझ यांनी ‘रोटर’ नावाचे विधेयक मांडले आणि पुढे डेमोक्रॅट मारिया कँटवेल त्यात सामील झाल्या. विधेयकाचा गाभा साधा होता: ज्यांना ‘आउट’ सक्तीचे, त्यांना २०३१ अखेरपर्यंत ‘इन’ही सक्तीचे, आणि लष्कराची सूट खरोखर संवेदनशील कामांपुरतीच. पण वर्षअखेरीला संरक्षण खर्चाच्या वार्षिक विधेयकात ३७३ क्रमांकाचे एक कलम शिरले आणि त्यातून वॉशिंग्टनवर लष्करी हेलिकॉप्टरांना सूट देण्याची वाट उघडी राहिली. मंडळाच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी यांनी उघड नापसंती दाखवली, मृतांचे नातेवाईक संतापले. संरक्षण विधेयक अडवणे राजकीयदृष्ट्या अशक्य होते. तोडगा म्हणून सिनेटने १७ डिसेंबरला ‘रोटर’ एकमताने मंजूर केले.

प्रतिनिधिगृहात घोडे अडले. फेब्रुवारी २०२६ मध्ये ते मतदानाला आले तेव्हा आदल्याच दिवशी संरक्षण खात्याने पाठिंबा काढून घेतला होता. कारणे खर्चाची आणि गोपनीयतेची होती. झटपट मंजुरीच्या पद्धतीला दोन तृतीयांश मते लागतात. बाजूने २६४ मते पडली, विरोधात १३३. त्या हिशेबाने २६५ लागत होती. वाहतूक समितीचे नेते सॅम ग्रेव्हज आणि रिक लार्सन यांनी ‘अलर्ट’ हे आपले वेगळे, अधिक विस्तृत विधेयक पुढे केले होते. वाद कुणाचे विधेयक चांगले, यावर दिसत असला तरी खरा तिढा १९५८ सालचाच होता: लष्कराने नागरी आकाशात आपण कुठे आहोत हे सांगायचे की नाही.

भारताच्या कायद्यात हा प्रश्न विचारलेलाच नाही. १९३४च्या विमान कायद्यातल्या १९व्या कलमाने लष्कर, नौदल आणि हवाई दलाची विमाने कायद्याबाहेर ठेवली होती. २०२० च्या दुरुस्तीने डीजीसीए आणि अपघात चौकशीच्या विभागाला वैधानिक दर्जा दिला, दंडाची कमाल १० लाखांवरून १ कोटींवर नेली आणि त्याच वेळी ही सूट केंद्राच्या इतर सशस्त्र दलांनाही दिली. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमातही ती आहे. लष्कराला आपले नियम असतात आणि ते कडकही असतात. पण दोघांची जागा एकच असते, तेव्हा दोन नियमपुस्तकांचा मेळ कुठे बसतो, हे जमिनीवरच पाहावे लागते.

महाराष्ट्र आणि गोव्यात अशा जागा कमी नाहीत. पुण्याचे लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी विमाने सुखोईंच्या शेजारून, हवाई दलाच्या नियंत्रकांच्या सांगण्याने उतरतात. मुंबईत सांताक्रूझपासून थोड्याच अंतरावर जुहू आहे. तिथून समुद्रातल्या तेलविहिरींकडे हेलिकॉप्टरे जातात आणि मोठ्या विमानांच्या वाटेशी त्यांचा सांधा नियंत्रकांना रोज जुळवावा लागतो. हे दोन विमानतळ हवेतून किती सारखे दिसतात, याचा पुरावा १९७२ मध्ये मिळाला होता, जेव्हा जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही उड्डाणे सुरू झाली आणि एकाच महानगरावरच्या आकाशात आणखी एका विमानतळाच्या रांगा आल्या. त्याखालच्या चारशे फुटांत आता ड्रोन उडतात. ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला एका ड्रोनने भोक पाडले होते.

गोव्यात दाबोळीवर उपाय फार जुन्या पद्धतीचा आहे. विमानतळ नौदलाचा, मनोरा नौदलाचा आणि कामाच्या दिवशी सकाळचे काही तास सरावासाठी राखून ठेवलेले. त्या वेळात नागरी विमाने दाबोळीला येत नाहीत. पर्यटन व्यवसायाने वर्षानुवर्षे याबद्दल कुरकुर केली, मोपाचा विमानतळ व्हावा यासाठी हेही एक कारण पुढे केले गेले. पोटोमॅकवर ६७ जण गेल्यानंतर एफएएने जे केले ते याच जातीचे होते. नदीवरचा तो हेलिकॉप्टर मार्ग बंद झाला, आणि अत्यावश्यक उड्डाणासाठी एखादे हेलिकॉप्टर तिथून न्यायचेच असेल तर तेवढा वेळ जेट विमानांना बाजूला थांबावे लागते.